ठिणगी कोरडी ठेवणारा माणूस

मासिकाच्या मराठी विभागाची संपादक मंडळी यंदा थेट वर्कशॉपमध्येच येऊन बसली. सर, लेख पाहिजेच, असा धोशा. मी लेथवर हात चालवणारा माणूस, लेखणी माझ्या हातात शोभत नाही, असं सांगून पाहिलं. पण ऐकतील तर ती होस्टेलची मुलं कसली! शेवटी ठरलं की एखाद्या थोर व्यक्तीवर लिहायचं. आता थोर व्यक्ती म्हटली की विश्वेश्वरय्या, कलाम सर, एडिसन. यांच्यावर दर वर्षी कोणी ना कोणी लिहितंच आणि चांगलं लिहितं. तेव्हा मी असा माणूस निवडला, ज्याचं नाव रोज आपल्या डोळ्यांसमोर असतं, पण तो माणूस होता हे सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

आपल्या टूल रूममधल्या ड्रिल मशीनवर ते नाव आहे. पार्किंगमधल्या कितीतरी गाड्यांच्या बॉनेटखाली ते आहे. रॉबर्ट बॉश. मुलांना विचारलं तर उत्तर येतं, जर्मन कंपनी. उत्तर चुकीचं नाही. पण कंपनीच्या आधी एक दाढीवाला, तापट आणि कमालीचा काटकसरी मिस्त्री होता. त्याची माझी ओळख झाली ती कुठल्या पुस्तकात नव्हे, तर माळशेज घाटात, भर पावसात.

मी मूळचा आळ्याचा. ज्ञानेश्वर माउलींच्या रेड्याची समाधी आहे ते आळे, तालुका जुन्नर. गावाजवळच आळेफाटा. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते तिथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे चोवीस तास गाड्यांची वर्दळ. कांद्याचे ट्रक, टोमॅटोचे टेम्पो, एस.टी., जीपगाड्या. माझ्या मामांचं फाट्यावर ऑटो इलेक्ट्रिशियनचं दुकान होतं. दहावीच्या सुट्टीपासून मी तिथे हेल्पर. उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात पाणी, या दोघांवरच आमचं दुकान चालायचं म्हटलं तरी चालेल.

१९९४ सालचा आषाढ. कल्याणला मावशीकडे बारसं होतं. मामांच्या फियाटमधून जायचं. (कागदोपत्री ती प्रीमियर पद्मिनी, पण तिला फियाट सोडून दुसरं काही म्हणताना मी कुणाला ऐकलं नाही.) गाडी धुवायचं काम माझं. उत्साहाच्या भरात मी बॉनेट उघडून इंजिनावरही नळीचं पाणी मारलं आणि वरवर फडकं फिरवलं. गाडी जरा खोकली, पण चालू झाली. ओतूर गेलं, मढ गेलं. घाटात शिरलो तसं धुकं आणि वरून धबधब्यांचे तुषार. एका वळणावर गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. मागे आजी, तिच्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा, आणि बाजूने ट्रक घासून जात होते.

मामांनी बॉनेट उघडलं, मला वर छत्री धरायला लावली. डिस्ट्रिब्युटरच्या दोन क्लिपा काढून टोपी उचलली. आत बारीक थेंब धरले होते आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेन्सिलीने ओढावी तशी काळी रेघ उमटली होती. मामांनी बनियनच्या कोरड्या टोकाने टोपी आतून पुसली, चाकूने ती रेघ खरवडून काढली आणि टोपी परत बसवली. पुढच्या सेल्फला गाडी चालू! ते माझ्याकडे बघून काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

त्या रेघेचं शास्त्र मला पुढे डिप्लोमात कळलं. पेट्रोल इंजिनात ठिणगी पाडायला दहा-पंधरा हजार व्होल्ट लागतात. एवढ्या दाबाची वीज वाट शोधत असते, आणि प्लगच्या टोकांमधली फट ही काही तिची आवडती वाट नसते. शुद्ध पाणी तसं विजेचं चांगलं वाहक नाही. पण धूळ, तेलाचा अंश, क्षार यांच्यावर ओल धरली की पातळसा थर तयार होतो आणि वीज त्यावरून सरळ इंजिनाच्या बॉडीत उतरते. जाता जाता ती टोपीचा पृष्ठभाग जाळते, जळलेल्या जागी कार्बन उरतो, आणि कार्बन तर वाहकच. म्हणजे पाणी वाळलं तरी वाट कायमची तयार. नुसतं पाणी किंवा नुसती धूळ एक वेळ परवडते, दोघं एकत्र आले की घात.

घाट उतरताना मामा गप्पांना लागले. दुकानातल्या मायकोच्या प्लगच्या डब्या मी रोज हाताळायचो. ते प्लग ज्याच्या कारखान्यातून आले तो बॉश नावाचा माणूस, आपल्यासारखाच दुकानदार मिस्त्री, आणि त्याने आख्खा जन्म ठिणगी वेळेवर पडावी म्हणून घालवला, असं त्यांनी सांगितलं. मामांनी हे कुठे ऐकलं होतं देव जाणे. पुढे लायब्ररीत बसून मी शोधलं, तेव्हा मामांचं म्हणणं बहुतांशी खरं निघालं.

रॉबर्ट बॉशचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ चा. गाव आल्बेक, दक्षिण जर्मनीतल्या उल्म शहराजवळ. बारा भावंडांतला हा अकरावा. वडिलांची शेती होती आणि रस्त्यावर खानावळ होती. गाडीवान, व्यापारी तिथे उतरत, घोडे बदलत. म्हणजे आपल्या फाट्यावरचा ढाबाच समजा. पुढे रेल्वे आली, वाहतुकीचे रस्ते बदलले. बायपास झाला की जुन्या रस्त्यावरच्या ढाब्यांचं काय होतं हे आपल्या भागात वेगळं सांगायला नको. १८६९ साली वडिलांनी खानावळ विकली आणि कुटुंब उल्मला आलं.

शाळेत रॉबर्ट काही चमकला नाही. १८७६ मध्ये उल्मच्या एका सूक्ष्म यंत्रांच्या कारागिराकडे त्याला उमेदवारीला ठेवलं. तीन वर्षं काढली, पण उस्तादाचं शिकवण्याकडे लक्ष नव्हतं. ती खंत त्याला जन्मभर राहिली आणि पुढे स्वतःच्या कारखान्यात उमेदवारांसाठी त्याने वेगळं वर्कशॉप उघडलं. मग वेगवेगळ्या ठिकाणी नोकऱ्या झाल्या. स्टुटगार्टच्या तंत्रशाळेत जेमतेम सहा महिने तो पाहुणा विद्यार्थी म्हणून बसला. पदवी नाही. पण व्होल्टेज म्हणजे काय आणि करंट म्हणजे काय, हे त्या सहा महिन्यांत समजल्यावर विजेच्या शब्दांची भीती गेली. (आपल्याकडे काही जणांची ती फायनल इयरलाही जात नाही. असो.)

१८८४ मध्ये तो अमेरिकेत गेला आणि न्यूयॉर्कला एडिसनच्या कारखान्यात कामाला लागला. तिथे कामगार चळवळीतही ओढला गेला. पण अमेरिकेतली समानता त्याने कल्पना केली होती तशी निघाली नाही. वर्षभरात तिथून इंग्लंड, सीमेन्सच्या कारखान्यात काही महिने, मग परत घरी. १५ नोव्हेंबर १८८६ रोजी स्टुटगार्टमध्ये त्याने स्वतःचं वर्कशॉप उघडलं. वारशाने आलेले दहा हजार मार्क भांडवल, हाताखाली एक मिस्त्री आणि एक पोऱ्या. कामं काय? टेलिफोन बसवणे, विजेच्या घंट्या, येईल ते. पुढची दहा वर्षं इतकी ओढाताणीची गेली की कधी माणसं वाढवायची तर कधी काढून टाकायची. आईची मदत नसती तर दुकानाला टाळं लागलं असतं. १८९० च्या सुमारास त्याने एक सायकल घेतली. स्टुटगार्टात तेव्हा ते अप्रूप होतं. शहरभर चाललेली कामं स्वतः जाऊन बघता यावीत म्हणून ती घेतली होती. वायरमनने जोड नीट गुंडाळला की नाही हे तो स्वतः तपासायचा.

१८८७ साली एका गिऱ्हाइकाने विचारलं, स्थिर इंजिनाला ठिणगी देणारं यंत्र करून द्याल का. असं एक यंत्र डॉइट्झ कंपनीच्या इंजिनावर होतं. बॉश ते बघून आला. पेटंट नाही याची पत्र लिहून खात्री करून घेतली आणि त्यात सुधारणा करून ते बनवलं. त्याला म्हणायचं मॅग्नेटो. लोहचुंबक, त्याच्यामध्ये फिरणारं वेटोळं, आणि सिलिंडरच्या आत ऐन वेळी उघडणारा संपर्क. संपर्क तुटला की ठिणगी. याला बॅटरी लागत नाही, हे महत्त्वाचं.

त्या वेळी गाड्यांची अवस्था काय होती ते बघा. डाइम्लरच्या गाडीत सिलिंडरला लागून एक नळी बर्नरच्या ज्योतीवर लाल तापवत आणि तिच्यामुळे मिश्रण पेट घेई. पेट्रोलशेजारी उघडी ज्योत! वारा आला की विझायची, गाडी उलटली की आग. बेंझच्या गाडीत बॅटरी होती, पण ती मधेच संपे. म्हणजे इंजिन तयार होतं, पण घराबाहेर नेण्यासारखी ठिणगीच नव्हती. १८९७ मध्ये इंग्लंडहून फ्रेडरिक सिम्स नावाच्या व्यावसायिकाने एक द दियों-बुतों तीनचाकी पाठवली आणि तिला मॅग्नेटो बसवून मागितला. अडचण अशी की बॉशचा मॅग्नेटो संथ चालणाऱ्या स्थिर इंजिनासाठी होता आणि ह्या इंजिनाचा वेग त्याच्या कित्येक पट. वर्कशॉपमधल्या आर्नोल्ड झेरिंगर या फोरमनने तोड काढली. जड वेटोळं हलवायचंच नाही, ते स्थिर ठेवायचं आणि त्याच्याभोवती हलकी लोखंडी बाही हलवायची. गाडी चालली.

तरी सिलिंडरच्या आत हलणारा संपर्क आणि त्याला हलवणाऱ्या काड्या राहिल्याच. त्या झिजायच्या, काजळीने अडकायच्या. इथे गोटलोब होनोल्डचं नाव घ्यावं लागेल. हा मुलगा लहानपणी बॉशकडे उमेदवार होता, नंतर इंजिनिअरिंग शिकून परत आला. डिसेंबर १९०१ मध्ये त्याने साहेबाला नवीन रचना दाखवली. एकाच वेटोळ्यावर दोन गुंडाळ्या, त्यातून थेट उच्च दाब, आणि सिलिंडरमध्ये कुठलाही हलता भाग नसलेला एक प्लग. १९०२ मध्ये ती डाइम्लरला पोचली. आपण आज जो स्पार्क प्लग काढून घासतो त्याची वंशावळ इथे येऊन मिळते. शोध होनोल्डचा, हे बॉशने कधी लपवलं नाही. मला त्याच्याबद्दल सगळ्यात आवडलेली गोष्ट कदाचित हीच.

पण आता खरी डोकेदुखी सुरू झाली. कमी दाबाची वीज बिचारी सांगाल त्या वाटेने जाते. दहा हजार व्होल्टला मात्र आवरायचं कशाने? तेव्हा आजच्यासारखं प्लॅस्टिक नव्हतं. तारेवर रेशीम गुंडाळायचे, लाखेच्या व्हार्निशमध्ये बुडवायचे, वाटणी करणारा भाग कठीण रबराचा, प्लगमध्ये चिनी मातीच्या जातीचा इन्सुलेटर. ही लाख बहुतांशी आपल्याकडून जायची. पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर किडे जी लाख धरतात तीच. युरोपातल्या गाडीच्या पोटात आपल्या जंगलातला रस पावसाला तोंड देत होता, हे वाचून मला भारी वाटलं.

आणि मॅग्नेटो बसवायचा कुठे, तर इंजिनाच्या अंगाला, जिथे चिखल उडतो, तेल गळतं, रेडिएटरची वाफ येते. मग पेटी पक्की बंद करून टाकावी, असं कुणीही म्हणेल. तिथेही मेख आहे. ठिणगीमुळे आतल्या हवेत ओझोन आणि नायट्रोजनची ऑक्साइड्स तयार होतात, त्यांना जरा ओल मिळाली की आम्ल होतं आणि ते आतूनच तांबं-पितळ खातं. म्हणजे पाणी आत यायला नको, पण आतली हवा बाहेर जायला हवी. बंदही हवी आणि श्वासही घेता आला पाहिजे. डिस्ट्रिब्युटरला खालच्या बाजूला बारीक भोकं असतात ती याचसाठी. हेल्पर असताना मी ती भोकं एकदा एम-सीलने बुजवली होती, अगदी अभिमानाने. मामांनी ती सुईने परत मोकळी केली.

ह्या असल्या बारीक गोष्टींत बॉश हटवादी होता. आपल्या वस्तूची कुणी तपासणी करावी आणि ती कमअस्सल निघावी, ही कल्पनाच त्याला सहन होत नसे. पैशाचं नुकसान चालेल पण शब्द आणि भरवसा जाऊ नये, असं त्याचं धोरण. कारखान्यात फिरताना खाली पडलेली कागदाची टाचणी दिसली तरी संबंधितांची कानउघाडणी व्हायची, असं सांगतात. रागीट होताच. पण १९०६ साली, कारखान्यातून एक लाखावा मॅग्नेटो बाहेर पडला त्या वर्षी, त्याने आठ तासांचा दिवस सुरू केला. तेव्हा कारखान्यांत दहा तास सर्रास होते. यात कामगारांबद्दल कळवळा होता, आणि दोन पाळ्या करून मशीन जास्त वेळ चालवण्याचा हिशेबही होता. तो दोन्ही लपवत नसे. सगळं गोड होतं असंही नाही. १९१३ मध्ये त्याच्याही कारखान्यात मोठा संप झाला आणि तो त्याच्या फार जिव्हारी लागला.

१९१३ सालीच कंपनीचा ८८ टक्के माल जर्मनीबाहेर विकला जात होता. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं. एका फटक्यात बाजारपेठा गेल्या, अमेरिकेतला कारखाना जप्त झाला. इकडे युद्धाची कामं येऊन नफा मात्र होतच राहिला. हा पैसा त्याला टोचत असावा. कारखान्याच्या काही इमारतींत त्याने जखमींसाठी इस्पितळ केलं आणि नफ्याचा मोठा वाटा सार्वजनिक कामांना देऊन टाकला, त्यात नेकार नदीच्या कालव्याचं काम होतं. १९२१ मध्ये त्याचा एकुलता मुलगा दीर्घ आजाराने गेला. कारखाना ज्याच्या हाती द्यायचा तोच राहिला नाही. दोन वर्षांत होनोल्डही गेला.

त्याच्या कारखान्यातून निघालेल्या वस्तूंची यादी वर्षांप्रमाणे लावली तर गंमत दिसते. १९१३ डायनॅमो आणि हेडलाइट, १९१४ स्टार्टर, १९२१ हॉर्न, १९२६ वायपर. जवळजवळ सगळ्या वस्तू पावसाच्या, धुळीच्या आणि अंधाराच्या तोंडावर बसणाऱ्या. दरम्यान अमेरिकेत केटरिंग याने बॅटरी, कॉइल आणि डिस्ट्रिब्युटरची स्वस्त पद्धत रुळवली होती. आमच्या फियाटमध्ये होती ती हीच. मॅग्नेटोचे दिवस भरत आले. ज्याच्या जिवावर कारखाना उभा राहिला ती वस्तूच मोडीत निघणार, हे ओळखून १९२५ पासून बॉशनेही बॅटरीची पद्धत विकायला घेतली. त्याआधीच, १९२२ च्या अखेरीस, त्याने डिझेल पंपाचं काम हाती घेतलेलं होतं. १९२७ मध्ये त्याचं उत्पादन सुरू झालं.

डिझेल पंप म्हणजे ठिणगी नाही, वीज नाही. पण शत्रू तेच, पाणी आणि घाण. पंपातला दट्ट्या आणि त्याची नळी यांच्यात मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी एवढीच फट असते. डोळ्याला न दिसणारा धुळीचा कण तिथे रेघ ओढतो, पाण्याचा थेंब गंज धरतो आणि इंजिन मान टाकतं. आपल्या जुन्नर-आंबेगावात ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याला फिल्टरखालची वाटी उघडून पाणी सोडायची सवय असते. ती सवय ह्या पंपाने लावली. नाशिकच्या सातपूरला याच कंपनीचा कारखाना आहे. आमच्या फाट्यावरून सरळ नाशिककडे गेलं की तोच रस्ता तिकडे नेतो.

शेवटची वर्षं मात्र सरळ रेषेत सांगता येत नाहीत. हिटलरची राजवट त्याला मनापासून नापसंत होती. ज्यू सहकाऱ्यांना नोकऱ्या देणं, देशाबाहेर पडायला पैसे देणं हे तो आणि त्याचे निकटचे सहकारी गुपचूप करत. हिटलरविरोधी कटातला एक प्रमुख कार्ल ग्योर्डेलर याला १९३७ पासून कंपनीचा सल्लागार म्हणून आसरा होता. हे सगळं खरं. आणि त्याच कारखान्यांत रणगाड्यांचे, विमानांचे भाग बनत होते, युद्धकाळात पकडून आणलेली हजारो माणसं तिथे सक्तीने राबत होती, हेही तितकंच खरं. मला वाटतं, ह्या दोन्ही गोष्टी एका लेखात मावल्या पाहिजेत, नाहीतर चरित्राची पोथी होते. १२ मार्च १९४२ रोजी कानाच्या संसर्गातून दुखणं वाढून तो गेला. ज्या सरकारचा त्याला तिटकारा होता त्यानेच त्याचा अंत्यविधी सरकारी इतमामाने केला. कंपनीची ९० टक्क्यांहून अधिक मालकी आज त्याच्या नावाच्या धर्मादाय संस्थेकडे आहे, तिच्यातून शिक्षण, आरोग्य अशा कामांना आणि स्टुटगार्टच्या त्याच्या नावाच्या रुग्णालयाला पैसा जातो.

१९५१ मध्ये बंगळूरला मोटार इंडस्ट्रीज कंपनी म्हणजे आपली मायको सुरू झाली. २००८ मध्ये तिचं नाव बॉश झालं, पण गॅरेजवाले अजून मायकोच म्हणतात. १९६७ मध्ये फोल्क्सवागनच्या गाडीत बॉशची इलेक्ट्रॉनिक इंधन पद्धत आली. सुरुवातीला तिची कॉम्प्युटर पेटी बिचारी गाडीच्या आत, कोरड्या जागी असायची. पुढे वायरिंग कमी करायचं म्हणून बऱ्याच गाड्यांत ती बॉनेटखाली आली. म्हणजे फिरून मॅग्नेटोच्या जागी!

आता दाब कमी, पाच किंवा बारा व्होल्ट. पण पिना इतक्या जवळजवळ की ओल धरली तर तांब्याचे, कथलाचे बारीक केस एका पट्टीकडून दुसरीकडे उगवतात आणि शॉर्ट होतो. त्यासाठी बोर्डावर पातळ संरक्षक लेप, झाकणाला गॅस्केट, कपलरमधल्या प्रत्येक वायरला स्वतंत्र रबरी सील. आणि जुनाच प्रश्न, पेटीने श्वास कसा घ्यायचा? इंजिन तापलं की आतली हवा फुगते. तापलेल्या पेटीवर पाणी पडलं की ती एकदम आक्रसते आणि फटीतून पाणी आत ओढते. म्हणून पेटीला एक छोटी खिडकी ठेवतात. तिच्यावरच्या पडद्यातून हवा जाते, पाणी जात नाही. वॉशिंग सेंटरवर गरम इंजिनावर जोराचा फवारा मारू नये तो एवढ्याचसाठी. बॉनेटखाली धूळ असेल तर हवेने किंवा ओलसर फडक्याने काढा, आणि कपलर उघडलाच तर सील जागेवर बसलंय का ते बोटाने चाचपून बघा.

हे मी मोठ्या तोऱ्यात लिहितोय, म्हणून आता माझं सांगतो. चार-पाच वर्षांपूर्वी मेसवाल्या काकांची व्हॅन मिस होत होती. भाजी आणायची गाडी, मुलांचं जेवण तिच्यावर. काका ती वर्कशॉपला घेऊन आले. मी मामांच्या पद्धतीने टेस्ट लॅम्पची सुई एका सेन्सरच्या वायरमध्ये टोचून सप्लाय बघितला. दोष वेगळाच होता, अर्थिंग ढिलं होतं. घट्ट केलं, काम झालं. चहा झाला. सुईने पाडलेलं भोक तिथेच राहिलं.

दुसऱ्या पावसाळ्यात व्हॅन वाटेत बंद पडू लागली. दोनदा रात्रीचं जेवण दहाला वाढलं गेलं, तेव्हाच्या मुलांना आठवत असेल. काकांनी बाहेर दाखवली, कॉम्प्युटर गेला असं निदान झालं आणि त्यांनी तो बदलला. माझ्या पगारातला मोठा हिस्सा जाईल एवढी ती रक्कम होती. गाडी आठवडाभर चालली, पुन्हा तेच. मग ती माझ्याकडे आली. कपलर उघडला तर एक पिन हिरवी पडलेली. वायर मागे मागे सोलत गेलो, तांब्याच्या जागी हिरवी भुकटी, वीतभर. आणि ती जिथे सुरू झाली तिथे सुईचं भोक. वायरच्या बारीक तारांमधल्या फटींतून पाणी वातीत तेल चढावं तसं चढतं. रबरी सील वायरच्या बाहेरून पाणी अडवतं, वायरच्या आतून येणारं कसं अडवणार? ते मी आत सोडलं होतं.

काकांना मी लगेच सांगितलं नाही. वायर बदलली, गाडी दिली, पैसे घेतले नाहीत. आठ दिवस मेसमध्ये त्यांच्या नजरेला नजर न देता जेवत होतो. नवव्या दिवशी किचनमध्ये जाऊन सगळं सांगितलं. काका थोडा वेळ पोळ्या लाटणाऱ्या बायकांकडे बघत राहिले. मग जुनी पेटी अजून घरी आहे, ती उपयोगाची आहे का, एवढंच विचारलं. होती. ती चालू होती, तिला काहीच झालं नव्हतं. बसवली आणि नवी पेटी विकायला ओळखीचं गिऱ्हाईक मिळालं, थोडे पैसे सुटले. उरलेले मी हप्त्याने दिले. शेवटच्या हप्त्याच्या वेळी त्यांनी घ्यायला का-कू केली, तरी दिले.

टूल रूममध्ये दुसऱ्या खणात एक टेस्ट लॅम्प आहे, त्याची सुई मी ग्राइंडरवर बोथट करून ठेवली आहे. दर वर्षी फर्स्ट इयरची मुलं तो खराब आहे म्हणून परत आणून देतात.